मोझाइक उखडण्याआधी

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत १९८९ सालच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जुना टू बीएचके घेतला आहे. माझी मुलगी सात वर्षांची. तिला धुळीची ॲलर्जी आहे, बाळदमा आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या साफसफाईत त्रास फार वाढतो. स्किन टेस्टमध्ये घरच्या धुळीतले माइट्स आणि झुरळं, दोन्ही निघाले. घरात सगळीकडे जुनं मोझाइक आहे, पिवळट पडलेलं, काही ठिकाणी बारीक खड्डे. ह्यांना बेडरूममध्ये लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट हवंय, पायाला गार लागत नाही म्हणून. दुकानदार म्हणतो, अँटिबॅक्टेरियल व्हिट्रिफाइड टाइल घ्या. सासूबाई म्हणतात, आहे ते राहू दे. लेकीसाठी नेमकं काय बरं? खर्चाची तयारी आहे, पण एकदाच करायचंय. – एक आई, डोंबिवली

उत्तर : तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. मोझाइक राहू द्या.

आता कारण सांगते, कारण घरात तिघांची तीन मतं आहेत आणि ‘ताईंनी सांगितलं’ एवढ्यावर कुणाचं समाधान व्हायचं नाही.

टेस्टमध्ये निघालेले ते माइट्स म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या भागाएवढे. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून रोज झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून घेतात. म्हणून हवा कोरडी झाली की ते तग धरत नाहीत आणि आपल्याकडे जून ते ऑक्टोबर त्यांचं चांगलंच फावतं. मुलीला त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांचा. हे सगळं वाढतं कुठे? गादीत, उशीत, सोफ्यात, गालिच्यात, कापडी खेळण्यांत. उघड्या, कडक, कोरड्या जमिनीवर त्यांना लपायला जागा नाही. म्हणजे कारखाना गादीत आहे आणि जमिनीवर नुसता माल येऊन पडतो. हे कण तसे जड असतात. कुणी गादीवर उडी मारली किंवा केर काढला की ते उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा खाली बसतात. खाली बसले की ओल्या फडक्यानं उचलायचे. बस. ॲलर्जी असलेल्या घरात जमिनीकडून एवढंच काम हवं असतं : पडलेलं धरून ठेवू नये, रोज पाण्यानं पुसू द्यावं, आणि खालून स्वतः काही सोडू नये. ना वास, ना ओल.

या तिन्ही बाबतींत तुमचं मोझाइक पास आहे. त्या काळच्या दहा इंची लाद्या एकमेकींना अगदी चिकटवून बसवायचे, सांध्यात त्याच रंगाचं सिमेंट भरायचे आणि मग सगळी जमीन एकसलग घासून काढायचे. नखाला सांधा लागत नाही, इतकी ती एकजीव होते. त्यात गोंद नाही, प्लास्टिक नाही, आणि सिमेंट पस्तीस वर्षांपूर्वीच पक्कं झालंय. आता त्यातून हवेत जाण्यासारखं काहीही उरलेलं नाही. नवं कुठलंही मटेरियल या बाबतीत त्याच्या मागेच राहील. एक दोष मात्र आहे, तो सांगायला हवा : त्या ठिपक्याठिपक्यांत धूळ दिसत नाही. जमीन स्वच्छ ‘दिसतेय’ म्हणून एखादा दिवस पुसणं राहून जातं. ते होऊ देऊ नका.

पिवळटपणा म्हणजे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं साचलेला मळ आणि मेणाचे थर. मशीननं वॉटर पॉलिश करून घ्या. आधी खड्डे आणि बारीक छिद्रं त्याच रंगाच्या सिमेंटनं भरायला सांगा, ते वाळू द्या, मग खरखरीत दगडापासून बारीक दगडापर्यंत तीन-चार हात. काम पाण्यात चालतं, म्हणून धूळ उडत नाही, पण जो राखाडी चिखल निघतो तो भिंतींवर आणि दरवाजांच्या चौकटींवर उडतो आणि वाळला की त्याचीच पीठासारखी भुकटी होते. रोजचा चिखल रोज, ओला असतानाच धुऊन काढायला लावा. शेवटी चमक यावी म्हणून ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर वापरतात. ते झालं की दोन-तीन पाण्यांनी जमीन धुवा. वरून मेण किंवा ‘केमिकल कोटिंग’ मारून देतो म्हणाले तर नको म्हणा. वास येणारं काहीही त्या घरात आत्ता नको. पॉलिशचं काम चालेल त्या आठवड्यात मुलीला आजोळी पाठवा, आणि काम संपल्यावर दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच आणा.

आता लॅमिनेट. ह्यांना सांगा की मी हे पुस्तकातलं सांगत नाही.

२००९ साली पुण्यात कोथरूडच्या आमच्या घरात मी स्वतः मुलाच्या खोलीत लॅमिनेट घातलं. तो पाच वर्षांचा होता, सारखा जमिनीवर खेळायचा, आणि मलाही वाटलं होतं की पायाला गार लागू नये. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात खोलीत कुबट वास यायला लागला. कपाट रिकामं केलं, पडदे धुतले, वास जाईना. मुलाला रात्री खोकला. शेवटी एका रविवारी दाराजवळची पट्टी काढली, स्क्रू-ड्रायव्हर घालून पहिली फळी उचलली. फळीच्या खाली पांढऱ्या फोमचा पातळ थर असतो. तो वरून पांढराच होता. उलटा केला, तर खालच्या बाजूला काळे-हिरवे गोल, एकमेकांत मिसळलेले, बाथरूमच्या भिंतीपासून पलंगाखालपर्यंत. बाथरूमच्या भिंतीतून अगदी थोडी ओल झिरपत होती. साध्या फरशीवर ती आठवड्याभरात डाग म्हणून दिसली असती. इथे ती कितीतरी महिने झाकलेली राहिली आणि माझा मुलगा तिच्यावर बसून गाड्या खेळत होता. त्याचा खोकला केवळ त्यामुळेच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून, दमा असलेल्या मुलाच्या खोलीत जिच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही अशी जमीन मी कुणालाही सुचवलेली नाही. मी तेव्हा दहा वर्षं घरांच्या कामाच्या व्यवसायात होते. मला हे आधी कळायला हवं होतं.

लॅमिनेटची फळी म्हणजे लाकडाचा भुसा रेझिनमध्ये दाबून केलेला बोर्ड, वर लाकडाच्या चित्राचा कागद. बोर्डाच्या रेझिनमधून, म्हणजे भुसा धरून ठेवणाऱ्या चिकट रसायनातून, फॉर्मल्डिहाइड हळूहळू वायुरूपात हवेत सुटतं, सुरुवातीच्या महिन्यांत जास्त, आणि उष्मा आणि दमटपणा असेल तर आणखी जास्त. डोंबिवलीला दोन्ही भरपूर. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं यानं होतं आणि दम्याच्या पेशंटला ते अधिक सोसवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. चांगल्या बोर्डावर ई-वन किंवा ई-झीरो असा शिक्का असतो, त्यातून हे कमी सुटतं. पण शिक्का चांगला असला तरी दुसरी अडचण राहतेच : लॅमिनेट पाण्यानं पुसायचं नसतं. पिळून काढलेलं, नुसतं दमट फडकं चालतं. रोज बादली घेऊन पुसलं तर फळ्यांच्या कडा फुगतात. म्हणजे या घराला जे रोज करायला हवं, नेमकं तेच ही जमीन करू देत नाही. पीव्हीसीची विनाइल फ्लोअरिंग पाण्याला टिकते हे खरं, पण ती मऊ राहावी म्हणून घातलेली रसायनं आणि खालचा गोंद, आणि खाली ओल अडकण्याची तीच भीती. माझं मत ‘नको’ असंच आहे.

गार लागण्यावर उपाय सोपा आहे. पलंगाशेजारी सुती सतरंजी टाका, जी दर आठवड्याला मशीनमध्ये जाऊ शकेल अशी. जी धुता येत नाही ती नको, कितीही मऊ असो.

दुकानदाराच्या अँटिबॅक्टेरियल टाइलबद्दल एकच सांगते. माइट्स म्हणजे बॅक्टेरिया नव्हेत, आणि झुरळं म्हणजेही बॅक्टेरिया नव्हेत. त्या शब्दासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. व्हिट्रिफाइड टाइल मुळात चांगली असते, पाणी जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पिते, त्यामुळे तिच्यात ओल धरत नाही. ज्यांच्या घरी जमीन खरोखरच फुटली, खचली आहे त्यांनी ती जरूर घालावी. पण तुमच्याकडे दोनच वाटा आहेत. मोझाइक फोडायचं, तर हातोड्यानं खालच्यांचं छत हादरणार, बाथरूमच्या उंबऱ्याशी वॉटरप्रूफिंग उघडणार आणि महिनाभर घर धुळीत. नाहीतर मोझाइकवरच टाइल चिकटवायची : सहाशे चौरस फुटांवर दहा मिलिमीटरची टाइल आणि तिचं चिकट सिमेंट मिळून दीड टनाच्या वर वजन, पस्तीस वर्षं जुन्या स्लॅबवर. इतकं करून जे मिळणार ते आज आहेच.

ज्यांना टाइल घालावीच लागणार आहे अशा वाचकांसाठी : मोठी टाइल घ्या म्हणजे सांधे कमी, सांध्यात इपॉक्सी ग्राउट भरा कारण साधा सिमेंटचा ग्राउट पाणी आणि मळ दोन्ही पितो, आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावतात ती टाइलची पट्टी, भिंतीच्या गिलाव्याच्या सपाटीत बसवून घ्या. ते बाहेर आलं तर त्याच्या वरच्या काठावर बोटभर रुंदीची फळी तयार होते आणि सगळ्या घराची धूळ तिच्यावर बसते. कधी पलंग सरकवून बघा. टाइल बसली की रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल चारी कोपऱ्यांत वाजवा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. तिथे ओल राहते, मुंग्या राहतात. पैसे देण्याआधीच ती टाइल काढायला लावायची.

आणि एक कळकळीची गोष्ट. टाइल कापणारा मुलगा बंद खोलीत कोरडी टाइल ग्राइंडरनं कापत असेल तर त्याला थांबवा. मी एका साइटवर असा मुलगा पाहिला, एकोणीस-वीस वर्षांचा, पापण्यांच्या केसांवर पांढरी पूड, तोंडाला ओला गमछा. त्या पुडीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. पाणी सोडून कापणारं मशीन मिळतं, ते आणायला सांगा, वेळ थोडा जास्त लागेल. आपल्या लेकराच्या श्वासासाठी जमीन करायची आणि दुसऱ्याच्या लेकराचा श्वास घालवायचा, हे मला बघवत नाही.

पॉलिश करून जो पैसा वाचेल तो इथे लावा. मुलीच्या गादीला आणि उशीला चेन असलेले, माइट्स आत-बाहेर जाऊ न देणारे अभ्रे. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात, कारण साध्या थंड पाण्यात माइट्स मरत नाहीत. ऊन असेल तेव्हा गादीला कडक ऊन दाखवणं ही आजीची सवय अगदी योग्य आहे, कारण गादी कोरडी होते. झुरळांसाठी स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बाहेर काढून खालची जमीन पाहा. पुष्कळ घरांत तिथे लादी अर्धवट असते, पाइपाभोवती भोक तसंच असतं आणि वर्षानुवर्षं कुणाचा हात पोचत नाही. ते भोक सिमेंटनं बुजवा, मोरीला जाळी लावा.

केर काढायची पद्धतही बदला. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आत येते तेव्हा कुणालातरी झाडू मारायला सांगा आणि त्या तिरिपेकडे बघा. झाडू खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो आणि इकडे तुमच्या डोळ्यांसमोर धूळ अजून वरच चाललेली असते. मुलगी शाळेत गेल्यावर केर काढा, आधी ओलसर फडकं फिरवा, झाडू मागून. व्हॅक्यूम क्लीनर घेणार असाल तर हेपा फिल्टरचाच, नाहीतर बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीत येते. आणि तिचा इनहेलर जमीन कितीही चांगली झाली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

प्रश्न : कुडाळजवळ आमचं जांभ्याच्या चिऱ्यांचं बैठं घर आहे. वडिलांनी घातलेली साधी सिमेंटची फरशी आहे. मे संपता संपता तिला घाम येतो, चालताना पाय चिकटतात. आईला सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, धाप लागणारा आजार) आहे, वय ७२. गवंडी म्हणतो, वरून टाइल घाला, घाम थांबेल. नातेवाईक म्हणतात, पूर्वीसारखी शेणानं सारवलेली जमीन सर्वांत निरोगी, तीच करा. – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग गवंड्याला बोलवा. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद घ्या, फरशी पुसून कोरडी करा, कागद पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा. दोन दिवसांनी उचला. प्लास्टिकच्या वर पाणी असेल तर तो हवेतला दमटपणा : समुद्राकडची गरम दमट हवा थंड जमिनीला लागते आणि तांब्याभोवती जमतं तसं पाणी जमतं. प्लास्टिकच्या खाली पाणी असेल तर ओल जमिनीतून वर चढतेय. एकदा मेमध्ये आणि एकदा भर पावसात, असं दोनदा करून पाहा.

वरचं पाणी असेल तर टाइल घालून घाम थांबणार नाही, उलट चकचकीत टाइलवर तो अधिक दिसेल आणि आई घसरेल. बहात्तराव्या वर्षी मोडलेलं खुब्याचं हाड दम्याच्या धापेइतकंच भयंकर. त्या दिवसांत पंखा चालू ठेवा, कोरड्या फडक्यानं जमीन टिपा, गादी जमिनीवर मुळीच नको, पलंगाखाली सामान नको म्हणजे हवा फिरेल. जमलं तर आईच्या एका खोलीपुरता एसी, तो ड्राय मोडवर.

ओल खालून असेल तर खरं काम बाहेर आहे. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडतंय का, गटाराचा उतार घराकडे आहे का, मागच्या बाजूला माती चढत चढत जोत्याएवढी झालीय का. कोकणात हे शेवटचं फार दिसतं, दरवर्षी थोडी थोडी माती येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. माती उतरवा, चर खणा, पाणी लांब न्या. एवढ्यानं भागलं नाही तर जमीन उकरून दगडी सोलिंग (दगडांचा ठोकून बसवलेला थर), त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद, वर काँक्रीट, आणि मग मॅट टाइल. नुसती वरून टाइल घातली तर ओल बाजूला सरकून भिंतींत चढते. वर्षभरात चिऱ्यांना लोणा फुटतो आणि खोलीत बुरशीचा वास येतो.

सारवलेल्या जमिनीबद्दल मला प्रेम आहे. माझं लहानपण तिच्यावर गेलंय, उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर आडवं होण्यासारखं सुख नाही. पण ती वाळली की तिची पूड निघते, ओली राहिली की बुरशी धरते, आणि पाण्यानं पुसता येत नाही. अंगणात, पडवीत खुशाल ठेवा. आईच्या खोलीत नको.

प्रश्न : जुन्या वाड्यात शहाबादी फरशी आहे, काळपट पडली आहे. कामवाल्या मावशी ॲसिडनं घासतात, वर फिनेल. नातवाला शिंका सुरू होतात. फरशी बदलू का? – निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, फरशी बदलू नका, ॲसिड बदला. तुमच्याकडून वाडीकडे जाताना जे शहाबाद स्टेशन लागतं तिथला हा दगड, चुनखडीचा. ॲसिड पडलं की जो फेस येतो तो मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. दर वेळी तो थोडा अधिक खरबरीत होतो, अधिक मळ धरतो, म्हणून काळा पडतो, म्हणून पुन्हा ॲसिड. आणि त्याची वाफ नाकात-घशात जाते ती वेगळीच. नातवाच्या शिंका बऱ्याच अंशी तिच्या आणि फिनेलच्या उग्र वासाच्या असाव्यात. महिनाभर दोन्ही बंद ठेवून पाहा. कोमट पाणी, थोडा साधा साबण, ताठ ब्रश, आणि मग दोन वेळा स्वच्छ पाणी. सांधे उघडे पडले असतील तर ते सिमेंटनं भरून घ्या, आणि जमलं तर एकदा दगड घासून पॉलिश करा. मावशींना मात्र आजच सांगा, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र ओतायची नाही, संडासातसुद्धा. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्ही डबे शेजारी ठेवले असतील तर एक तिथून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा.